गाळणीतला समुद्र

रविवार, २ फेब्रुवारी

आत्मचरित्र वाचताना माझा एक नियम आहे. पहिल्या वीस पानांत लेखकाची एकदाही फजिती झाली नाही, तर पुस्तक मिटून परत. माणूस थापाड्या आहे हे कळायला वीस पानं पुष्कळ झाली. प्रवासवर्णनाला मात्र मी चाळीस देते, कारण ह्या मंडळींना घरातून निघून गाडीत बसायलाच पंचवीस लागतात.

आज जेवताना मी हेच ऐकवत होते. आमच्या ह्यांचं लक्ष नव्हतं. हे घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचतात, तेवढंच त्यांचं वाचन. पण बाबा ऐकत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनखान्यात होते. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आमच्याकडे असतात. बोलणं जेमतेम. मीठ हवं असेल तर नुसते मिठाकडे बघतात.

तर ते एकदम म्हणाले, "मी लिहिलं तर वाचशील?"

माझा घास हातातच राहिला. घरात जग फिरून आलेला माणूस बसलाय आणि मी आठवड्याला दोन पुस्तकं आणून परक्यांची बंदरं बघतेय. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी म्हटलं, वाचीन काय, टाइपसुद्धा करून देईन. अट एकच, खरं लिहायचं. आठवणी लिहिणाऱ्याने थापा मारल्या की माझं डोकं फिरतं.

बाबांनी मान हलवली. संध्याकाळी स्वतः जाऊन दोनशे पानी वही घेऊन आले. येताना माझ्यासाठीही एक आणली, ती ही. ते आठवणी लिहिणार आणि मी त्या आठवणींच्या आठवणी. बघू कोणाची वही आधी भरते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ह्यांच्याशी भांडले. माझ्या पुस्तकातली खूण कोणीतरी रोज हलवतं. काल पान नव्वदवर होते, आज खूण एकशे चाळीसवर. हे म्हणतात मी हातसुद्धा लावलेला नाही. मग काय खूण पाय फुटून चालत गेली?

पुस्तकही नेमकं असलं दळभद्री. एक बाई एकटीच देश पालथे घालते, सुरेख लिहिते, आणि ऐन रंगात आल्यावर चार पानं गायब. कोणीतरी फाडलीत. जेवताना हसत हसत वाचून दाखवत होते, गाढवाच्या गाडीतून बाई डोंगर चढतेय, पान उलटावं तर होडीतून उतरतेय. ग्रंथालयात तक्रार करणार आहे.

बाबांचं लेखन जोरात. दुपारभर टेबलाशी असतात असं शेजारीणबाई सांगत होत्या.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली बावीस पानं टाइप केली. अक्षर मोठं, ओळी सरळ, खाडाखोड नाही. आणि काय लिहिलंय! एका बंदरावर आंधळा मासेवाला होता. मासा हातात घेऊन नुसत्या वजनावरून सांगायचा की हा आज पकडलेला की कालचा.

मी उठून उभीच राहिले. कारण हाच मासेवाला मी मागच्या वर्षी एका पुस्तकात वाचला होता. तेव्हा जेवताना वाचूनही दाखवला होता. म्हणजे त्या लेखकाने जो माणूस पाहिला तोच आमच्या बाबांनीही पाहिला! जग म्हणतात ते किती लहान.

बाबांना सांगितलं तर त्यांनी खाली बघून "असेल" एवढंच म्हटलं. विनय म्हणजे केवढा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातून निघाल्यावर भूगोलवाल्या सरांना गाठलं. सर निवृत्त झाले तरी भूगोल निवृत्त झालेला नाही. आमच्या वाचक मंडळाचे ते अध्यक्ष. मासेवाल्याची हकिकत ऐकून ते इतके खूश झाले की तिथल्या तिथे जाहीर करून मोकळे झाले: तेवीस मार्च, रविवार, सकाळी अकरा, बाबांचं वाचन. मागे भिंतीवर नकाशा लावणार, एकेका बंदरावर लाल टाचणी.

मी फुशारकी मारली ती मारलीच. म्हटलं, बाकीच्यांसारखं ऐकीव नाही हो सर, अक्षर न् अक्षर खरं. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना तेव्हाच ठसका लागला, पाणी दिलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज टाइप करताना हात थबकला. बाबांच्या एका बंदरात एक न्हावी आहे. अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवतो, आणि गिऱ्हाईकाने आपल्या गावची एखादी गोष्ट सांगितल्याशिवाय उरलेली अर्धी करत नाही.

हा न्हावीसुद्धा माझ्या ओळखीचा. जेवताना हा वाचून दाखवताना मी एवढी हसले होते की पाणी नाकात गेलं होतं आणि ह्यांनी पाठीत थापट्या मारल्या होत्या. पण तो न्हावी डोंगरातल्या गावात होता. समुद्रापासून तीन दिवसांची पायपीट. बाबांचं जहाज डोंगर कसं चढलं?

दोन तास विचार केला. मग सुचलं, म्हातारपणी त्याने दुकान किनाऱ्यावर हलवलं असणार. डोंगरात गिऱ्हाईक कितीसं येणार. तरी मनात कुठेतरी खुटखुटतंय.

रविवार, २३ फेब्रुवारी

पान एकसष्ट. बाबा गाढवाच्या गाडीतून डोंगर चढतायत. खालचं बंदर लहान लहान होत जातंय, गाडीवान गाणं म्हणतोय. आणि पुढचं वाक्य, "होडीतून उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं."

संपलं. आता न्हाव्याला किनाऱ्यावर आणून काही उपयोग नाही. फाटक्या पुस्तकातली भोकंसुद्धा त्यांनी इमानाने उतरवून घेतली आहेत.

हे घोरतायत. मला रडू येत नाहीये, राग येतोय. भर मंडळात "अक्षर न् अक्षर खरं" म्हणणारी मी. सरांनी आमंत्रणपत्रं वाटलीसुद्धा. भूगोलवाल्या सरांनी ही सगळी पुस्तकं माझ्या आधी वाचलेली आहेत. पहिल्या पाच मिनिटांत पकडतील, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाची सगळ्यांसमोर शोभा होईल. माझीही, पण माझं सोडा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं चकित होतील. ते डबा भरता भरता म्हणाले, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं? तर म्हणे बाबांनी लहानपणी आम्हाला एकाही बंदराची गोष्ट सांगितली नाही. विचारलं की म्हणायचे, गरम होतं. पुस्तकाची खूणही तेच हलवतात, मी रोज बघतो. मग मला बोलला का नाहीत? तर म्हणे, "तीन वर्षांत पहिल्यांदा ते दुपारी झोपत नाहीत. म्हटलं लिहितायत तर लिहू दे."

उगाच खुणेवरून ह्यांना बोलले होते. पण आत्ता माफी मागायला वेळ नव्हता, दुकान उघडायचं होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज विचारलंच. माझी सुट्टी होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघं मटार सोलत होतो. बाबा दाणे एकाच लयीत काढतात, एकही खाली पडत नाही. मी मान वर न करता म्हटलं, "बाबा, गाढवाच्या गाडीतून डोंगर चढत होतात, मग होडीतून कसे उतरलात?"

बाबांनी हातातली शेंग सोलून संपवली.

मग ते म्हणाले, "मधली पानं नव्हती."

मला हसू आलं नाही. आज लिहिताना येतंय, पण तेव्हा नाही. मी पुष्कळ बोलले. विश्वास, मंडळ, सर, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एवढं बोलले, जेवढं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. जहाज धक्क्याला लागलं की वरचे लोक धुतलेला शर्ट घालून खाली उतरायचे. इंजिनवाल्यांचं काम तेव्हा सुरू व्हायचं. चालतं यंत्र उघडता येत नाही, ते थांबलं पाहिजे, आणि ते थांबायचं फक्त बंदरात. दोन दिवस, तीन दिवस, सगळं खोलायचं, साफ करायचं, पुन्हा बसवायचं. बसवून होईपर्यंत शिटी. एकवीस वर्षांत परक्या बंदरात ते मोजून सात वेळा जमिनीवर उतरले. त्यातल्या दोन वेळा दाढ काढायला.

"तुला बंदरं आवडतात," ते म्हणाले. "माझ्याकडे नव्हती."

आता हे काय कारण झालं? मला तर बर्फाचे डोंगरही आवडतात, उद्या तेही लिहाल. मी म्हटलं, जे केलंत ते लिहा ना. तर म्हणे त्यात काय आहे, तेल, आवाज आणि घाम. वही मिटली आणि कपाटात टाकली.

मटार सगळे सोलून झाले होते, म्हणून उठावं लागलं.

शनिवार, १ मार्च

बाबा दुपारी झोपतात. मीठ हवं असलं तरी मिठाकडे बघत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

सरांना सगळं सांगायचं म्हणून गेले. ते नकाशावर वाकून लाल पेन्सिलीने रेषा ओढत होते. मला बघून म्हणाले, तुमच्या बाबांनी सात समुद्र ओलांडले असणार, मी अंदाजाने मार्ग काढतोय. म्हटलं, रेषा छान आलीय. आणि घरी आले. नेहमी फटकळ म्हणून माझं नाव आहे, आणि नेमक्या वेळी बोबडी वळली.

वाचन रद्द केलं तर बाबा पुन्हा कधी वही उघडणार नाहीत, हे मला कळतंय. नाही केलं तर काय वाचणार, हे कळत नाहीये.

शुक्रवार, ७ मार्च

आज अजब झालं, सविस्तर लिहिते.

दुकानात आमचं काच घासायचं यंत्र सोमवारपासून कुरकुरतंय. चष्म्याची काच फ्रेमच्या मापाने घासायची असते, तिला लहरी पडायला लागल्या. मालकांनी कारागिराला निरोप धाडून चार दिवस झाले, तो येतो येतो म्हणतोय. सकाळी चहा घेताना मी ह्यांच्यापाशी कटकट करत होते. बाबा पेपरमागून म्हणाले, "कसा आवाज?"

मी काढून दाखवला. क्र्र्र, मग थांबून टिक, पुन्हा क्र्र्र.

"टिक दर फेऱ्याला की मधूनमधून?"

आता हे मी कुठून सांगू. म्हटलं, तुम्हीच चला. आणि ते आले. आठ दिवस घराबाहेर न पडलेला माणूस चप्पल घालून माझ्या आधी दारात.

दुकानात त्यांनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. एक लांब पेचकस मागितला, त्याचं टोक यंत्राच्या कडेला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग पेचकस माझ्या हातात दिला. म्हणाले, ऐक. मी मूठ कानाला लावली आणि दचकले. बाहेर कुरकुर होती, आत अख्खी बाजारपेठ होती. ते म्हणाले, "तो जाड आवाज पट्ट्याचा, तो बरा आहे. त्याच्यामागे एक बारीक रडतोय ना, तो बेअरिंगचा, त्याची एक गोळी फुटलीय. त्याला बदला, बाकी कोणाला हात लावू नका."

दुपारी कारागीर आला. उघडलं तर आतल्या लोखंडी गोळ्यांतली एक फुटलेली होती. मालकांनी बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला. आणि चहा पिता पिता बाबा बोलायला लागले. इंजिनखान्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते लोक खांद्यावर थापा मारून बोलतात, एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे तेल संपलं. वादळ आलं हे वरून कोणी कळवत नसे. जहाजाची शेपटी पाण्याबाहेर उचलली गेली की पंखा मोकळा फिरतो आणि यंत्र किंचाळतं, त्यावरून कळायचं. समुद्र कुठला ते पाण्याच्या पाइपावर हात ठेवून ओळखायचं. थंड समुद्र लागला की पाइपाला घाम फुटतो.

दुकानात नजर तपासायला आलेली बाई तपासून झाल्यावरही उठेना. मी ते सगळं चष्म्याच्या पावत्यांच्या मागे लिहून घेतलं. अकरा पावत्या भरल्या.

घरी येताना म्हटलं, बाबा, हे लिहा. ते म्हणाले, "हे कोण वाचणार?" मी म्हटलं, मी. बाकीच्यांना मी वीस नाहीतर चाळीस पानं देते, तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत देते.

घरात शिरून ते सरळ आपल्या खोलीत गेले. मग कपाट उघडल्याचा आवाज आला.

बुधवार, १२ मार्च

नवी पानं. आता खाडाखोड आहे, ओळी वाकड्या, शाई फुटलेली. एक उतारा इथे उतरवून ठेवते.

"यंत्र थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात. ते आधी गाळणीतून जातं. गाळणी साफ करणं माझं काम. वरच्यांनी निळा समुद्र पाहिला. माझ्याकडे तो टोपलीभर यायचा. कुठे शेवाळ, कुठे बोटाएवढे मासे, कुठे शिंपल्यांचा चुरा. एकदा एक लाल बटण आलं. ते बाईच्या कोटाचं की मुलाच्या, ह्यावर आम्ही तिघांनी अख्खी पाळी वाद घातला. गाळणीत चिखल आणि झाडाची पानं आली की समजायचं, नदीचं मुख जवळ आहे. जमीन मी लांबून कधी पाहिली नाही. पण पान हातात घेऊन मी सांगायचो, उद्या बंदर."

मी हे तीनदा वाचलं. एवढी प्रवासवर्णनं वाचली, पण बंदर येण्याआधीचं झाडाचं पान मला कोणी दाखवलं नव्हतं. बाबांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "शिंपल्यात ऱ्हस्व की दीर्घ?" आणि कान लाल.

शुक्रवार, १४ मार्च

सरांना खरं सांगून टाकलं. जे होईल ते होईल. ते गंभीर झाले, चष्मा काढला, घातला. मग म्हणाले, "म्हणजे बंदरं नाहीतच? मग एवढ्या टाचण्यांचं मी काय करू?" पण उतारा वाचल्यावर नकाशा गुंडाळून ठेवला. आवडलं की नाही, देव जाणे.

शनिवार, २२ मार्च

बाबांनी शर्टाला तीनदा इस्त्री केली. हे मदतीला गेले तर त्यांनाच बाहेर काढलं. मला पानं पाठ झालीत, बाबांना नाहीत. ते सारखे म्हणतायत, लोक उठून जातील. मी म्हटलं, मी दारात बसते, बघू कोण जातंय.

रविवार, २३ मार्च

मंडळाच्या खोलीत सव्वीस खुर्च्या, माणसं एकतीस. हे मीटरची पिशवी खांद्याला लावूनच आले, रविवारची वाढीव पाळी होती, मध्येच सटकून. भिंतीवर नकाशा नव्हता. सरांनी कोरा निळा कागद लावला होता, एवढाच. मी कबूल केल्याप्रमाणे दारात बसले.

बाबा उभे राहिले आणि हातातल्या पानांकडे न बघता म्हणाले, "आधी एक कबुली. पहिली एकसष्ट पानं चोरीची होती. सूनबाईने पकडली. ती फाडली. आता राहिली ती माझी."

हे ठरलं नव्हतं. पण लोक हसले, चांगलं हसले, आणि बाबांचे खांदे खाली आले. मग त्यांनी वाचलं. पाइपाचा घाम, खांद्यावरच्या थापा, लाल बटण. बटणाच्या वेळी तर समोरच्या रांगेत खरोखर वाद सुरू झाला. कोणी उठलं नाही. वाचून झाल्यावर टाळी वाजली ती थांबेना.

शेवटी सरांनी हात वर केला. मला वाटलं आता अक्षांश विचारणार. त्यांनी विचारलं, एवढं स्वतःचं असताना आधी दुसऱ्यांचं का उचललंत?

बाबांनी पानं सारखी केली. म्हणाले, "आमची सून जेवताना वाचून दाखवते. घरात मी एकटा पडलो होतो, मला त्या वाचनाचा आधार होता. ती ज्या ज्या जागी हसायची, त्या मला पाठ झाल्या. वाटलं, त्याच आपण लिहिल्या तर आपलं वाचतानाही हसेल."

मासेवाला. न्हावी. गाढवाची गाडी. मी वाचून दाखवलेलं सगळं. दीड महिना टाइप करतेय, आणि मला साधं एवढं दिसलं नाही. लोकांना चष्मे विकते मी.

येताना आम्ही दोघंच चालत आलो, हे मीटर वाचायला परत गेले. बाबा कसं झालं म्हणून विचारतील असं वाटलं. त्यांनी ते विचारलंच नाही. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "खिडकीचं ऊन डोळ्यावर येत होतं. तू कुठे हसलीस ते दिसलं नाही."

मी म्हटलं, "हसले नाही, बाबा. रडले."

ते जरा विचारात पडले. "मग तेवढा भाग काढून टाकू?"

"खबरदार हात लावलात तर," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातली पानं काढून माझ्या पिशवीत ठेवली.